तहसीलदारांचं पाणी

आमचे जव्हारचे घरमालक सकाळी देवाला नमस्कार करायच्या आधी काचेची एक बोटभर नळी पांढऱ्या भिंतीसमोर धरून उभे राहत. नळीत माशांच्या टाकीतलं पाणी असे. त्यात ते एका बाटलीतले थेंब टाकत, मग दुसऱ्या बाटलीतले, मग बूच लावून ताप बघण्याआधी थर्मामीटर झटकतात तशी ती नळी झटकत राहत. थोड्या वेळाने पाण्याला रंग चढे. पिवळा आला की अंगणात येऊन "हळद" एवढंच म्हणत. तांबडा आला की "कुंकू" म्हणत आणि त्या दिवशी कोणाशी धड बोलत नसत. मधलाच नारिंगी आला तर काहीच म्हणत नसत, नुसते खाकरत.

अंगणातल्या विहिरीवर पाणी भरायला आलेल्या गल्लीतल्या बायकांना हे सगळं पाठ होतं.

"मालक, आज काय? हळद का कुंकू?"

"हळद."

"मग जेवायला बोलवा की. हळद लागली म्हंजे लगीन ठरलं."

मालक हसत नसत. आयुष्यभर निरनिराळ्या तालुक्यांच्या कचेऱ्यांत अव्वल कारकून म्हणून काढल्यामुळे हसण्याआधी वरून मंजुरी लागते अशी त्यांची काहीतरी समजूत झालेली होती. शर्टाचं गळ्याजवळचं बटण कायम लावलेलं. खिशाला दोन पेनं, एक लिहायचं आणि एक मागणाऱ्याला द्यायचं, ज्यात शाई नसे. कोणी भेटायला आलं की "बसा, आपलं प्रकरण घेतो" म्हणत आणि हातातलं काम, मग ते भेंडी चिरणं का असेना, पुरं करत. त्यांच्या तोंडून मी कधी 'हो' ऐकलं नाही. ते "हरकत नाही" म्हणत. चहा घेणार का? हरकत नाही. पाऊस येईलसं वाटतं. हरकत नाही.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून गेले तेव्हा पंचावन्न वर्षांची होते, म्हणजे तशी पोरच. त्या वयात मला सगळं कळत असे. नाशकाहून बदली होऊन आले होते, नवरा निवृत्त होऊन तिकडेच आरामात पेपर वाचत होता, आणि मी इस्त्रीच्या साड्या, पर्स आणि टाचेच्या चपला घेऊन जव्हारच्या शाळेत मराठी शिकवायला निघाले होते. ज्या मुलांच्या घरात वेगळीच बोली, त्यांना ही शाळेतली मराठीसुद्धा शिकूनच घ्यावी लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. मी त्यांची वाक्यं दुरुस्त करी. ती मुलं आदराने ऐकत आणि बाहेर जाऊन आपलं बोलत. टाचेच्या चपला पहिल्याच आठवड्यात विहिरीच्या फरशीवर मोडल्या. पडले तेव्हा "अगं बाई" म्हणायच्या ऐवजी "अरेरे" म्हटलं, असं गल्लीत अजून सांगतात म्हणे.

हे सगळं आठवायचं कारण नात. परवा तिचा ठाण्याहून फोन आला. फ्लॅटमध्ये माशांची टाकी आणलीय, आणि दुकानदार म्हणतो पाण्यात नायट्रेट वाढलंय. "आजी, तुला नायट्रेट म्हणजे काय ते माहीत नसेल." मी म्हटलं, बाळ, मी तहसीलदारांच्या शेजारी राहिलेय.

तहसीलदार हा मालकांचा सर्वांत मोठा गोल्डफिश. हाताच्या पंजाएवढा, शेंदरी, पोट सुटलेला, खालचा ओठ कायम नापसंतीने लोंबलेला. त्याच्याखाली एक नायब होता, जरा फिकट. आणि तळाला दगडांच्या आड चार-दोन बारके मासे होते त्यांना मालक तलाठी म्हणत, कारण पाहिजे त्या वेळी ते जागेवर सापडत नसत. साहेबांना खाणं घालताना मालक उभे राहत. खुर्ची शेजारीच असे, पण बसून त्यांनी कधी घातलं नाही.

एकदा मी आगाऊपणाने म्हटलं, "एवढं काय त्या माशात?"

"बाई, माझ्या नोकरीत साहेब आले आणि गेले," मालक म्हणाले. "एकाची ओळख पटते न पटते तोच बदलीचा हुकूम. हा एक साहेब असा आहे, ज्याची बदली होत नाही."



नायट्रेटचं प्रकरण त्यांनी मला समजावलं ते असं. मासा घाण करतो. ती घाण विषारी. पण टाकीतल्या फिल्टरच्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, ते ती घाण पहिल्या टेबलावर घेतात आणि तिचं दुसरं काहीतरी करतात. ते पण विषारीच. ते दुसऱ्या टेबलावर जातं, तिथले जंतू त्याचं नायट्रेट करतात. ते त्या मानाने सौम्य.

"मग संपलं की," मी म्हटलं.

"इथंच तर घोटाळा आहे. दुसऱ्या टेबलापुढे फाइल कुठंच जात नाही. नायट्रेट साठत राहतं. थोडं असेपर्यंत, म्हणजे नळी पिवळी, साहेब चालवून घेतात. ढीग झाला, नळी तांबडी झाली, की आजारी पडतात. मग एकतर पाणी काढून नवं घाला, नाहीतर ती फाइल खाऊन टाकणारं कोणीतरी नेमा."

"स्पंज किती मळलाय पण. द्या, मी पावडरच्या पाण्यात स्वच्छ धुऊन देते."

मालकांनी माझ्याकडे बघितलं ते मी अजून विसरले नाही. "बाई," ते हळूच म्हणाले, "सगळा कर्मचारीवर्ग धुऊन काढाल."

तर मालक ढीग होऊ नये म्हणून पाणी बदलत. आठवड्यातून एकदा टाकीतलं बरंचसं पाणी काढून कढीपत्त्याला घालत आणि विहिरीचं ताजं पाणी शेंदून टाकीत ओतत. विहीर त्यांच्याच अंगणातली, वडिलांनी खणलेली. त्यामुळे कोणी काही म्हणायचा प्रश्न नव्हता. उन्हाळा लागेपर्यंत.

उन्हाळ्यात त्या पठारावरचं पाणी जातं कुठं, कोण जाणे. पावसात इतकं पडतं की भिंतींना शेवाळ येतं, आणि होळी झाली की ओढ्यात दगड उरतात. गल्लीचा नळ करंगळीएवढा होई, मग सगळी गल्ली मालकांच्या विहिरीवर. त्यांनी कधी कोणाला अडवलं नाही. "हरकत नाही" म्हणत. त्या वर्षी विहिरीचा तळ दिसायला लागला. बायका वाटीवाटीने पाणी जमवून हंडा भरायच्या. आणि अशा एका सकाळी मालक सगळ्यांच्या देखत बादली भरून घेऊन गेले आणि ती तहसीलदारांच्या टाकीत ओतली.

जयवंती तिथेच होती. ती मालकांकडे आणि माझ्याकडे धुणीभांडी करायची. वांगणीकडची. नवरा वीटभट्टीवर गेलेला, कडेवर दुधपिती पोर. ती फक्त बघत राहिली. बोलायचं काम मी अंगावर घेतलं. मला तेव्हा अंगावर घ्यायची फार हौस होती.

मी विहिरीच्या कठड्यापाशी उभी राहून भाषण केलं. जल हेच जीवन, इथपासून सुरुवात केली. मध्ये संस्कृती आली, भावी पिढी आली, एक सुभाषितसुद्धा येऊन गेलं. बायका हंडे खाली ठेवून ऐकत होत्या. मला वाटलं भारावल्या. नंतर कळलं, मी दोरासमोर उभी होते म्हणून त्यांना शेंदता येत नव्हतं.

मालकांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे ठराव काय?"

"माशांसाठी या विहिरीचं पाणी वापरू नये."

"अनुमोदक कोण?"

जयवंतीने विचारलं, "म्हंजे काय, मालक?"

"म्हणजे तुलापण तसंच वाटतं का."

जयवंतीने कडेवरची पोर दुसऱ्या कडेवर घेतली. "वाटतं तं."

"मंजूर," मालक म्हणाले. "विहीर वरच्या पायरीला लागेपर्यंत टाकीत विहिरीचा थेंब जाणार नाही. तेवढ्यात साहेब राहिले तर राहिले. नाही राहिले, तर टाकी भंगारात. उडून जाईल तेवढं पाणी माझ्या पिण्यातलं घालीन. एवढी सवलत असावी."

विहीर त्यांची, मासा त्यांचा, आणि सवलत ते मागत होते माझ्याकडे. मी ती मोठ्या मनाने दिली. आज आठवलं की कान पकडावेसे वाटतात, पण माझे नाहीत, त्या पंचावन्न वर्षांच्या बाईचे.

त्या दिवसापासून मालक अर्धा पेला पाणी पीत आणि अर्धा टाकीत घालत. साहेबांचं खाणं निम्म्यावर आलं. तरी नळीतला रंग हळदीवरून सरकायला लागलाच. मालकांचं खाकरणं वाढलं. माझ्या खिडकीतल्या बाटलीतलं मनी प्लांट त्यांनी मागून नेलं आणि त्याची मुळं टाकीत सोडली. पण ते झाड एक पान काढायला जेवढा वेळ घेई तेवढ्यात साहेब निवृत्त झाले असते.

शेवटी त्यांनी टाकीच्या वर एक उथळ प्लॅस्टिकचं घमेलं बसवलं, त्यात ओढ्यातले गोटे भरले, आणि पंपाने टाकीतलं पाणी वर चढून गोट्यांतून झिरपत परत खाली पडेल अशी सोय केली. आता फाइल खाणारा नेमायचा होता.

"जयवंते," त्यांनी भांडी घासणाऱ्या जयवंतीला विचारलं, "पाण्यात पाय ठेवून झटपट वाढेल असं काय आहे तुझ्याकडे?"

"दाणं टाकते की."

"कसले?"

"भाताचं, नागलीचं. थोडं उडीद."

"हरकत नाही."

एवढंच बोलणं झालं. मी शेजारी बसून वह्या तपासत होते, म्हणून मला शब्दन्‌शब्द माहीत आहे. दोघांनीही एकमेकांना फसवलं नाही. दोघांनीही पुढे काही विचारलं मात्र नाही.

दाणे तरारले. पांढरी मुळं गोट्यांतून खाली उतरून एकमेकांत गुंतली, वर बोटभर, मग वीतभर कोंब आले. माशांची घाण म्हणजे रोपांना पक्वान्नच. नळीतला रंग परत पिवळ्याकडे आला. पहिल्यांदा हळद म्हणताना मालक बायकांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले. हा त्यांच्या लेखी जल्लोष होता.

जयवंतीचं वागणं मात्र बदललं. टाकीपाशी येताना ती चपला बाहेर काढी. संध्याकाळी गल्लीतल्या तिच्याच भागातल्या दोघीतिघी येत आणि घमेल्यापुढे बसून हलक्या आवाजात काहीतरी गात. जाताना जयवंती घमेल्यावर फडकं झाकून जाई. सकाळी मालक रोपांना ऊन हवं म्हणून फडकं काढून नीट घडी घालून ठेवत. संध्याकाळी ती परत झाकी. सकाळी हे परत काढत. मालकांना वाटलं, बाईला माशांचा लळा लागला. मला वाटलं, लोकगीतं आहेत, कधीतरी शुद्ध करून घ्यावीत.

मग आखाती आली. अक्षय तृतीया. सकाळीच सात-आठ बायका नव्या लुगड्यांत अंगणात हजर. मालक नुकते आंघोळ करून, म्हणजे ओल्या पंच्याने अंग पुसून, बाहेर आले होते. आत बघतात तो जयवंती गोट्यांवरून रोपांची चटईच्या चटई अलगद सोडवून बांबूच्या टोपलीत घेतेय.

"जयवंते, काय चाललंय?"

"बोळवण."

"कोणाची?"

"गवरायची. आज जायाची ना ती." तिने घमेल्याकडे कौतुकाने बघितलं. "मालक, आमची सगळ्यांची पिवळी येते, झाकून ठेवतो ना. तुमची हिरवी आली. आख्ख्या गल्लीत अशी नाय आली."

मग माझ्या आणि मालकांच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. तिच्याकडे आखातीच्या आधी घरात दाणे पेरले, त्यावर पाणी घातलं, तर ती गवराय होते. देवीच ती. पेरणीआधी बियाणं कसं उगवतं तेही तिच्यातच बघून घ्यायचं. तिची गाणी म्हणायची, तिचे उपास करायचे आणि आखातीला वाजतगाजत पाण्यात पोचवायचं. दाणे टाक म्हटल्यावर तिने दुसरं काय समजायला हवं होतं? मास्तरणीसारखं प्रकाशसंश्लेषण?

"ती फिल्टर आहे," मालक म्हणाले.

"ती काय पण आसू दे. आज तिला जावं लागतं."

"आदेश कोणाचा?"

"रीतीचा," जयवंती म्हणाली. "आमी उपास धरलेत मालक."

मालकांनी टाकीकडे बघितलं. साहेब काचेशी ओठ लावून होते. विहिरीच्या वरच्या पायरीला पाणी लागायला अजून महिना-दीड महिना होता. हे सगळं त्यांच्या तोंडावरून सरकताना मी पाहिलं.

"हरकत नाही," ते म्हणाले.

टोपली डोक्यावर घेऊन बायका गात गेल्या, आणि ऊन डोक्यावर आलं तरी गातच परत आल्या. टोपलीसकट. ओढ्यात पाणीच नव्हतं. डबकं होतं त्याचा चिखल, चिखलाच्या भेगा. नदी गाठायची तर जीप करायची, आणि उपाशी बायका, उन्हातान्हाच्या.

सगळ्यांचे डोळे विहिरीकडे गेले. मी पदर खोचून आडवी आले. "विहिरीत काही टाकायचं नाही. पिण्याचं पाणी आहे."

"ते तं आमालापण कळतं, मास्तरीण बाय," जयवंती म्हणाली. "प्यायच्या पाण्यात कोण बोळवेल?" ती इकडेतिकडे बघत राहिली. मग तिची नजर मालकांच्या उघड्या दारातून आत गेली. अख्ख्या गल्लीत न पिण्याचं, पण भरलेलं पाणी एकाच ठिकाणी होतं.

गवराय टाकीत बोळवली. मागोमाग हळद गेली, कुंकू गेलं, अक्षता गेल्या, गुळाचा खडा गेला. झेंडूच्या पाकळ्या नायबाच्या अंगावर पडल्या. तहसीलदार रोपांच्या खाली दिसेनासे झाले. मालक हात जोडून उभे होते. नक्की कोणाला, ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी नळी लालभडक निघाली. पण त्याला काही अर्थ नव्हता, कारण थेंब टाकायच्या आधीच ती लाल होती. साहेब तळाशी एका कुशीवर कलंडून पडले होते आणि कल्ला मध्येच हलवत होते. मालकांनी खुर्ची ओढली आणि टाकीशेजारी बसून राहिले. आयुष्यभर साहेबांच्या दाराबाहेर बसले असतील तसे.

आता बायकांना सगळं कळलं होतं. जयवंतीचा चेहरा उतरला. "मला सांगायचं नाय का आधी, का हे माशाचं औषध हाय?"

"सांगितलं होतं. फिल्टर म्हणून."

"फिल्टर म्हंजे काय ते मला काय ठावं?"

"बरोबर आहे," मालक म्हणाले.

मग पुन्हा मी कठड्यापाशी उभी राहिले. पहिलं भाषण जितकं पाण्याच्या बाजूने होतं तितकंच हे माशाच्या बाजूने केलं. भूतदया आली, सहजीवन आलं. सुभाषित तेच वापरलं, दोन्हीकडे चालण्यासारखं होतं. बायकांनी माना डोलावल्या. एकजण तर बोललीही, "घ्या मालक, दोन हंडे घ्या. जीव हाय शेवटी."

मालक खुर्चीवरूनच म्हणाले, "बाई, ठराव मांडणाऱ्याला तो मागे घेता येतो. कबूल आहे. पण पाळायचं मी ठरवलंय."

"अन् हे पाणी कुठं वतणार?" जयवंती मला म्हणाली. "गवराय बोळवलेलं पाणी मोरीत वततात? पाऊस येस्तोवर त्याला हात नाय लावायचा."

म्हणजे ज्या दोघांचं भांडण व्हायला हवं होतं त्यांचं एकमत झालं होतं, आणि मी माझं भाषण घेऊन एकटी उन्हात उभी होते.

"मग दुसरे दाणे तरी टाक," मी म्हटलं.

"एकदा बोळवली का त्या साली परत नाय बसवत."

तेव्हा ते काम मी अंगावर घेतलं. घमेल्यात गहू पेरले. आयुष्यात कोथिंबीर लावली नव्हती, पण मराठीच्या पुस्तकात पेरणीच्या कविता भरपूर शिकवल्या होत्या. गहू आंबले. वास सुटला. मालकांनी काही न बोलता ते गोटे उन्हात वाळत घातले.

त्यांनी आपलं एक जुनं धोतर चौपदरी करून घमेल्यात अंथरलं आणि पंप सुरू केला. लाल पाणी धोतरातून गळू लागलं. संध्याकाळी ते गुलाबी धोतर दोरीवर वाळत पडे.

"मालक, रंगपंचमी झाली की केव्हाच," बायका म्हणत, पण आवाज हळू असे.

कुजलेल्या पाकळ्या आणि अक्षता ते चहाच्या गाळण्याने एकेक काढत आणि जयवंतीला विचारून आंब्याच्या बुंध्याशी ठेवत. तरंगणाऱ्या रोपांना मात्र त्यांनी हात लावला नाही. तिनेही लावू दिला नसता. मुळांच्या चटया टाकीभर तरंगत होत्या, कोंब वर, मुळं खाली, थेट पाण्यात.

वीज गेली की मालक पेल्याने पाणी घेऊन धोतरावर ओतत बसत. एका दुपारी ते थकून खुर्चीत डुलकले तेव्हा जयवंतीने पेला घेतला. तिने तो मग वीज येईपर्यंत ठेवला नाही. पोर खाली जमिनीवर रांगत होती.

किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. एका सकाळी पाणी आरपार दिसायला लागलं, आणि तहसीलदार मुळांखाली सरळ उभे होते. ओठ लोंबता. नागलीची कोवळी मुळं ओरबाडून खात होते.

"साहेब जेवतात," मालक म्हणाले. त्यांनी नळी घेतली, थेंब टाकले, झटकली, भिंतीसमोर धरली आणि माझ्या हातात दिली. पिवळी होती. घमेल्यात ठेवून जे काम हळू होत होतं, ते टाकीत बुडवल्यावर जोरात चाललं होतं. "रीत बघून नेमणूक करायला हवी होती," एवढंच म्हणाले.

मग पाऊस आला. आठ-दहा दिवस झोडपून पडला आणि विहीर वरच्या पायरीला लागली. ठराव संपला. सगळी गल्ली पाणी ओततात ते बघायला जमली. मालक बटण लावून बाहेर आले, हंडा शेंदला आणि टाकीपाशी नेऊन खाली ठेवला.

"ओता की मालक."

"येणारं पाणी तपासल्याशिवाय घेत नाही. एवढ्या सायासाने साहेब सावरलेत."

दोन नळ्या भरल्या. एक टाकीची, एक विहिरीची. दोन्ही झटकल्या. टाकीची पिवळी झाली. विहिरीची नारिंगी झाली, मग तांबडी झाली, आणि तांबडी होतच राहिली. त्यांनी परत भरली, परत झटकली. तेच. विहिरीच्या वरच्या अंगाला त्यांचाच शेणखताचा मोठा खड्डा होता, आणि आठ-दहा दिवसांच्या पावसाने तो धुऊन खाली उतरवला होता. वडिलांची विहीर म्हणून तिचं पाणी त्यांनी या नळीत कधी घातलंच नव्हतं.

मालकांनी हंडा उचलून बाजूला केला. "साहेबांना हे पाणी चालणार नाही."

जयवंती दारात उभी होती. कडेवरच्या पोरीला तिने पदराखालून काढलं.

"अन् आमाला चालतं?" ती म्हणाली.

रागाने नाही म्हणाली. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मालकांनी विहिरीची नळी परत भिंतीसमोर धरली. मी मध्येच म्हटलं, "उकळून प्यायचं. उकळलं की सगळं जातं."

"हे जात नाही," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पाणी आटतं आणि हे दाट होतं. तान्ह्या पोरांना वाईट." कचेरीत असताना अशी परिपत्रकं त्यांनीच फाइलला लावली होती.

ते बाहेर गेले. विहिरीवरची कप्पी सोडवली, दोर गुंडाळला आणि दोन्ही घरात नेऊन ठेवलं. भरल्या विहिरीची कप्पी काढणारा माणूस गल्लीने पहिल्यांदाच पाहिला. दोन दिवस मालकांशी कोणी बोललं नाही. माशापायी विहीर बंद केली, असं पलीकडच्या गल्लीत पोचलं. त्या दोन दिवसांत मालक भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन शेणखताचा खड्डा उपसत होते, आणि मी, इस्त्रीच्या साडीचे दिवस संपल्यामुळे, पाट्या उचलत होते. जयवंती मला पाटी कशी धरायची ते दुरुस्त करून सांगत होती. मी आदराने ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी मालकांनी पन्हळ बसवला. बाकीच्या घरांवर गंजका पत्रा नाहीतर प्लॅस्टिक होतं. यांचं कौलारू छप्पर लांबरुंद. पागोळ्यांचं पाणी पन्हळातून येऊन दुमडलेल्या फडक्यावरून पिंपात पडायला लागलं. पहिली नळी त्यांनी सगळ्यांच्या देखत झटकली. पाण्याला जवळजवळ रंगच चढला नाही. मग बायकांनी हंडे आणले. कोणी माफी मागितली नाही, त्यांनीही अपेक्षा केली नाही. जयवंतीचा हंडा पहिला होता, कारण पोर तिची लहान.

पाऊस त्या सकाळी बारीक होता. पिंपाची तोटी हळू चालत होती आणि रांग अंगणाबाहेर गेली होती. मी मध्ये कुठेतरी बादली घेऊन उभी होते. मागे वळून बघितलं तर रांगेच्या शेवटी, अगदी फाटकापाशी, मालक छत्री धरून एक लोटा घेऊन उभे.

जयवंती हंडा डोक्यावर घेऊन परत जाताना त्यांच्यापाशी थांबली.

"मालक, पिंप तुमचं, छप्पर तुमचं. पुढं या की. तुमचं साहेब खोळंबलं आसल."

"खोळंबू देत," मालक म्हणाले. "साहेबांनी अजून रांग पाहिलेली नाही."

आणि त्यांनी लोटा या हातातून त्या हातात घेतला.